तीर्थनच्या काठाकाठाने पाच दिवस

तीर्थन ही कुल्लू जिल्ह्यातली लहानशी नदी. ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाच्या वरच्या अंगाला उगम पावते आणि गुशैणी, बंजार करत लारजीपाशी बियासला मिळते. तिच्या खोऱ्यात जलविद्युत प्रकल्पांना मनाई आहे, म्हणून बर्फ वितळलं की फुगायचं आणि थंडीत आटायचं हा तिचा क्रम अजून तिच्याच हातात आहे. इथला ब्राउन ट्राउट मात्र इथला नाही. इंग्रजांनी तो विसाव्या शतकाच्या आरंभी आधी काश्मीरला आणि मग कुल्लूकडे आणून सोडला. मूळचा मासा म्हणजे असला. त्याचं तोंड खालच्या बाजूला असतं, दगडावरचं शेवाळ खरवडून तो पोट भरतो आणि फ्लायला, म्हणजे पिसं-धागे बांधून किड्यासारख्या केलेल्या गळाला, सहसा भुलत नाही. गळाला चुकून लागलाच तर त्याला आधी सोडायचं. त्याची संख्या घटते आहे.

काठाने चालत, फ्लायने ट्राउट गरवण्याचा हा पाच दिवसांचा कार्यक्रम एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यासाठी आखलेला आहे. ट्राउटचा हंगाम १ मार्चला उघडतो आणि ३१ ऑक्टोबरला संपतो. मधले चार महिने बंदी, कारण तेव्हा मादी गोट्यांत खळगा करून अंडी घालते आणि त्या खळग्यावर पडलेला एक बूटही ती अंडी चिरडतो. मार्चमध्ये पाणी फार गार असतं, जुलै-ऑगस्टमध्ये गढूळ. एप्रिलअखेर बर्फाचं पाणी येऊ लागलेलं असतं. पुष्कळ जण त्याला कंटाळतात, पण त्यामुळेच मासा काठाला येतो.

सामानाबद्दल आधी. काठी चार तुकड्यांची, साडेआठ ते नऊ फुटी, ४ किंवा ५ नंबरची. हा नंबर ती पेलते त्या लाइनच्या, म्हणजे जाड दोरीच्या, वजनाचा. फ्लायला स्वतःचं वजन जवळजवळ नसतं. फेकली जाते ती लाइन, फ्लाय तिच्यामागून फरफटत जाते. ५ नंबरच्या लाइनचे पहिले ३० फूट सुमारे ९ ग्रॅम भरतात आणि काठी वाकते ती या वजनाने. तीर्थनवर मात्र टोकाबाहेर ३० फूट लाइन क्वचितच असते, १० ते १५ फूट पुष्कळ होतात. तेवढ्या वजनाने ताठ काठी वाकतच नाही आणि माणूस हाताचा जोर लावत बसतो. त्यावर जुना उपाय म्हणजे ४ नंबरच्या काठीवर ५ नंबरची तरंगती लाइन चढवायची. लाइनच्या पुढे जोडायचा, बारीक होत जाणारा धागा म्हणजे लीडर, तो साडेसात फुटी, टोकाला ४ एक्स (एक्सचा आकडा मोठा तितका धागा बारीक). पुढे दोन फूट ५ एक्स टिपेट, म्हणजे साधारण ०.१५ मिलिमीटर जाडीचा धागा. फ्लायची डबी लहान ठेवावी. तरंगणाऱ्या एल्क हेअर कॅडिस आणि पॅराशूट अ‍ॅडम्स १२ ते १६ नंबरात (नंबर मोठा तितका गळ लहान), पाण्याखाली चालणाऱ्या, अळीसारख्या निम्फ, म्हणजे फेझंट टेल आणि हेअर्स इअर, १४ आणि १६ नंबरात, त्यातल्या निम्म्यांना टंगस्टनचा मणी. सगळ्या गळांचे उलटे काटे घरीच चिमट्याने दाबून सपाट करायचे. नदीवर गार बोटांनी ते काम धड होत नाही.

छातीपर्यंतचे जाड वेडर, म्हणजे पाण्यात उतरायच्या जलरोधक विजारी, चालणाऱ्याने आणू नयेत. घामाने माणूस आतूनच भिजतो आणि धार ओढायला लागली तर वजन जीवावर येतं. लोकरी मोजे, पटकन वाळणारी पँट आणि रबरी तळव्याचे जुने ट्रेकिंग बूट पुरतात. बर्फाच्या पाण्यात एका वेळी दहा मिनिटांहून जास्त उभं राहायचंच नसतं. ध्रुवित काचांचा चष्मा मात्र हवाच. पाण्यावरची चकाकी तोडायला तो लागतोच, पण त्याहून जास्त लागतो तो मागून येणारा गळ डोळ्यात जाऊ नये म्हणून.

पहिला दिवस: औट ते गुशैणी

मनालीकडे जाणाऱ्या रात्रीच्या बसमधून औटच्या बोगद्याआधी उतरायचं. बस बोगद्यात शिरली की चुकलंच. तिथून लारजीमार्गे बंजार सुमारे ३० किलोमीटर आणि बंजारपासून गुशैणी आणखी १० किलोमीटर. वाटेत कागदपत्रांची दोन कामं उरकून घ्यावीत: मत्स्य विभागाचा ट्राउटसाठीचा दिवसाचा परवाना, आणि साई रोपाच्या वन कार्यालयातून राष्ट्रीय उद्यानाचा प्रवेश परवाना. दुसऱ्यासाठी ओळखपत्र लागतं. वाटाड्याची सोयही इथेच बोलून ठेवावी. ही कामं दुसऱ्या दिवसावर ढकलली तर दुसऱ्या दिवसाची सकाळ हातची जाते, आणि सगळ्या सहलीत तीच सगळ्यात मोलाची.

गुशैणीला पोचेपर्यंत दुपार कलते. पाण्याचा रंग तेव्हा दुधट हिरवा असतो आणि खळाळ सकाळपेक्षा मोठा ऐकू येतो. दुपारी वर वितळलेलं बर्फ इथवर यायला काही तास घेतं. पाणी संध्याकाळी चढतं, रात्री उतरतं आणि पहाटे सगळ्यात नितळ असतं. काठाच्या एखाद्या दगडावर ओल्या रेषेशी काडी ठेवून तासाभराने बघितलं तर नदी किती चढली ते कळतं.

या संध्याकाळी काठी उघडू नये. परवाना पहिल्या दिवसाचा असला तरी उघडू नये. पायाच्या घोट्याएवढ्या पाण्यातले चार-पाच दगड उलटून खालचे पाणकिडे बघावेत. चपटं अंग, दगडाला चिकटून आडवी पळणारी, तीन शेपट्यांची दिसते ती मेफ्लायची अळी. जाडसर, दोनच शेपट्या आणि सावकाश चाल असेल तर स्टोनफ्लाय. वाळूच्या कणांची बारीक नळी दगडाला चिकटलेली दिसली तर आत कॅडिस आहे. यातलं जे जास्त सापडेल, त्याच्या आकाराची आणि रंगाची निम्फ उद्या बांधायची. नाव जुळलं नाही तरी चालेल, लांबी जुळली पाहिजे. बघून झालं की दगड होता तसा पालथा ठेवायचा.

रात्री गाठींचा सराव. फ्लायला क्लिंच: धाग्याला पाच वेढे, टोक फासातून परत, आणि ओढण्याआधी थुंकीने ओलं. कोरडी गाठ आवळताना घर्षणाने धागा तापतो आणि तिथेच कमजोर होतो. मासा गेल्यावर धाग्याचं टोक बघावं. डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं असेल तर गाठ सुटली होती. टोक सरळ तुटलेलं असेल तर धागा तुटला.

दुसरा दिवस: नागिणी ते गुशैणी

सकाळी सहाला पाण्याचं तापमान बघायचं. ७ अंशांच्या खाली असेल तर घाई करण्यात अर्थ नाही, मासा तळाशी सुस्त असतो. ९ ते १४ अंश हे तीर्थनवरचं उत्तम पाणी. ऊन दरीत उतरतं, अंश-दोन अंशांनी पाणी तापतं, किडे वर येऊ लागतात. मग बर्फाचं पाणी येऊन सगळं पुन्हा गार होतं. या दोन्हींच्या मधला, साधारण साडेदहा ते दोनचा वेळ आपला. पहाटे पाचला गळ टाकून बसणाऱ्यांना हे पटत नाही, पण तो नियम उन्हाळ्यातल्या तापलेल्या नद्यांचा आहे.

आता मासा कुठे आहे? नवखा माणूस नदीच्या मध्याकडे बघतो, कारण पाणी तिथे मोठं दिसतं. फुगलेल्या गार नदीत मध्यावर थांबायला माशाला जितकी ताकद लागते तितकं अन्न तिथे मिळत नाही. म्हणून तो कडेला येतो: दगडाच्या मागे, दगडाच्या पुढच्या उशीत, म्हणजे त्यावर आदळून मंदावलेल्या पाण्यात (ही जागा बहुतेकांच्या ध्यानात येत नाही), आणि वेगवान व संथ पाण्याच्या शिवेवर. ही शीव फेसाच्या रेघेने ओळखू येते. फेस जिथून वाहतो तिथूनच किडे वाहतात. काठापासून हातभर अंतरावर, गुडघाभर पाण्यात, छान मोठा ट्राउट उभा असतो, आणि आपण बूट घातलेला पाय नेमका त्याच्या डोक्यावर ठेवतो. म्हणून नियम एकच: जिथे पाय टाकायचा आहे तिथे आधी फ्लाय टाकायची.

मासा तोंड प्रवाहाकडे करून उभा असतो, तेव्हा त्याच्या मागून, म्हणजे खालून वर जायचं. पाण्यातून त्याला बाहेरचं जग सुमारे ९७ अंशांच्या एका शंकूतून दिसतं आणि पाण्यालगतच्या वस्तू त्या शंकूच्या कडेला चेपून जातात. सहा मीटरवर ताठ उभा असलेला माणूस त्याला दिसतो, त्याच जागी गुडघ्यावर बसलेला बहुधा दिसत नाही. गुडघ्यावर बसून फेकायला लाज वाटत असेल तर दिवसभर फक्त पळणाऱ्या सावल्या मोजाव्या लागतात.

जोडणी अशी: पुढे १२ नंबरची कॅडिस, तिच्या गळाच्या वाकाला ४५ ते ६० सेंटिमीटर ५ एक्स धागा, त्याला मण्याची निम्फ. वरची फ्लाय मासा खाईल किंवा खाली निम्फ घेतल्याची खबर देईल. ती थबकली, वाकडी चालली, बुडाली की काठी उचलायची. झटका नको, मनगट वर नेलं की पुरे. दहा फेकींत एकदाही तळाला अडकली नाही तर निम्फ उथळ जाते आहे. धागा वाढवण्याआधी वजन वाढवून बघावं. त्याहून लांब धागा या पाण्यात तिरका तरंगतो, खाली जात नाही.

फेकीत चुका दोनच, पण त्या रोज होतात. पहिली, मागे नेलेली लाइन सरळ होण्याआधीच पुढे ओढणं. चाबकासारखा आवाज आला की समजावं फ्लाय तुटून गेली. दुसरी, पुढे नेताना मध्येच जोर देणं. त्याने लाइनचा फास स्वतःलाच छेदतो आणि टिपेटवर आपोआप गाठ बसते. अशी गाठ धाग्याची ताकद जवळपास निम्म्यावर आणते, म्हणून दर अर्ध्या तासाने टिपेट बोटांतून फिरवून बघावा. शिवाय नागिणीच्या वरच्या काठावर झाडं इतकी जवळ आहेत की मागे लाइन न्यायला जागा नसते. तिथे रोल कास्ट: काठी सावकाश कानामागे न्यायची, लाइनचं पोट खांद्यामागे लोंबू द्यायचं आणि पुढे खाली हातोडा मारल्यासारखी थांबवायची. लाइन पाण्यावर गुंडाळत पुढे जाते. अगदीच झुडपात असाल तर निम्फ वाकाशी चिमटीत धरून, काठी धनुष्यासारखी ताणून सोडून द्यायची. दिसायला पोरखेळ, पण तीन मीटरवर याहून अचूक काही नाही.

फ्लाय पाण्याच्या वेगाने वाहिली पाहिजे. मधल्या जोराच्या धारेने लाइन ओढली की फ्लायच्या मागे बारीक व्ही उमटतो. माणसाला तो दिसत नाही, माशाला दिसतो. मोठ्या नदीत यासाठी लाइन उलटी वळवून ठेवतात. इथे सोपं आहे. काठी उंच धरायची, लाइन पाण्यावर टेकूच द्यायची नाही, फक्त लीडर ओला. अशी मीटरभराची, दोन सेकंदांची वाहणूक मिळाली तरी बस. एका दगडामागे तीन फेकी, मग पुढचा दगड. पहिली फेक जितकी चांगली तितकी आशा जास्त, चौथीला ती जवळजवळ उरत नाही.

मासा लागला तर लांबवू नये. काठी आडवी करून त्याला बाजूला ओढलं की तो लवकर वळतो. हात आधी ओले करायचे, कारण कोरड्या तळव्याने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्या जागी बुरशी धरते. पाण्यातच ठेवून चिमट्याने गळ उलटा फिरवायचा. काटा दाबलेला असला की तो अलगद सुटतो. सोडताना तोंड प्रवाहाकडे, पोटाखाली हात, स्वतःहून निसटेपर्यंत. छायाचित्रासाठी कल्ल्यांत बोट घालून उंच धरलेला मासा परत सोडला तरी पुष्कळदा मरतोच. तसला फोटो न काढलेलाच बरा.

तिसरा दिवस: गुशैणी ते रोल्ला

आज पाठीवर बिऱ्हाड. गाडीरस्ता थोडा पुढे जाऊन संपतो आणि मग नदीला धरून पायवाट. एकूण सुमारे १० किलोमीटर. चढ सौम्य आहे, रोल्ला साधारण २१०० मीटरवर. नुसतं चालून चार-पाच तास. गळ टाकत गेलं तर सबंध दिवस.

चालणं आणि गरवणं यांची गती एकमेकींना मानवत नाही. जोडलेली काठी हातात घेऊन झाडीतून चालताना टोक पुढे ठेवलं तर ते पहिल्याच झाडात मोडतं. मूठ पुढे आणि टोक मागे, म्हणजे काठी आपल्यामागून सापासारखी येते. फ्लाय मुठीजवळच्या कडीला अडकवायची, लाइन रीलभोवती एक वेढा. एक किलोमीटर काठी आवरून चालणं, मग दोनशे मीटर पाणी नीट बघणं, हा मेळ बरा पडतो. प्रत्येक डोहाशी थांबणारा अंधारात पोचतो.

इथली नदी पायऱ्यापायऱ्यांची आहे: मोठा धोंडा, त्यामागे बादलीभर डोह, पुन्हा धोंडा. राखाडी पाठीचा तांबड्या शेपटीचा रेडस्टार्ट आणि तपकिरी डिपर दगडादगडांवर दिसतात. डिपर पाण्यात बुडी मारून आपल्याच निम्फच्या आकाराच्या अळ्या वेचतो. तो जिथे पुन्हापुन्हा बुडतो तिथे खाद्य आहे, एवढं त्याच्याकडून फुकट शिकता येतं. फक्त तो घाबरून उडेल इतकं जवळ जाऊ नये. तो उडाला तर मासाही बहुधा बुजलेला असतो.

नदी ओलांडायची वेळ येईल तिथे पूल शोधावा. पर्याय नसेल तर सकाळीच, पाणी उतरलेलं असताना. पिशवीचा कमरपट्टा आणि छातीची पट्टी सोडून ठेवायची, पडलो तर पिशवी टाकता आली पाहिजे. तोंड वरच्या अंगाला, चालायची काठी पुढे टेकलेली, पाय घासत आडवे. एका वेळी तीनातला एकच आधार हलतो. नदी पसरट होते तिथून ओलांडावं, अरुंद जागी पाणी खोल आणि जोरदार असतं. पाणी गुडघ्याच्या वर चढलं आणि तळाचे धोंडे सरकल्याचा गडगडाट पायाला जाणवला तर मागे फिरायचं. पडलोच तर पाठीवर, पाय खालच्या अंगाला, पाणी वाहतं त्या दिशेने, आणि वर उचललेले. उभं राहण्याची धडपड केली की पाय दगडांत अडकतो. जुलै २०२३ च्या पुरानंतर बियास खोऱ्यात पुष्कळ काठ बदलले आहेत, तेव्हा जुन्या नकाशातल्या लाकडी पुलावर भरवसा ठेवू नये, वाटाड्याला विचारावं.

उद्यानाच्या फाटकापाशी काठी चार तुकड्यांत सोडवून नळीत घालायची. आत मासेमारी नाही, परवाना असला तरी नाही. फाटकाच्या आधीचं शेवटचं पाणी उत्तम आहे. त्यासाठी अर्धा तास राखून ठेवावा.

चौथा दिवस: शिल्टची चढण, काठीशिवाय

रोल्ल्यातच मुक्काम ठेवून शिल्टला जाऊन यावं. शिल्ट सुमारे ३१०० मीटरवर, म्हणजे हजार मीटरची चढण, आणि ती जवळजवळ एका दमात. एका रात्रीत इतक्या उंचीवर झोपायला गेलं तर काहींना डोकेदुखी, मळमळ धरते. दिवसा जाऊन खाली झोपलं तर ते बहुधा टळतं. पाठीवर हलकं ओझं असेल तर तासाला अडीचशे मीटर चढ धरावा, म्हणजे चार तास. पहाटे साडेपाचला निघायचं. गती अशी की तोंडाने बोलता येईल. पहिल्या तासात घाम फुटला तर आपण जास्त वेगाने चालतो आहोत.

खालची ओकझाडं जाऊन वर खरसू ओक आणि देवदाराच्या कुळातले उंच वृक्ष येतात, मधे बांबूची बारीक बेटं. वाटेच्या कडेला बिच्छू बूटी असते. तिच्या केसाळ पानाला हात लागला तर चोळू नये, केस आत रुततात. चिकटपट्टी लावून ओढून काढावेत. सावलीच्या नाळांत एप्रिलअखेरही बर्फाचे पट्टे असतात, वरून घट्ट आणि खाली पोकळ. कडेला पाण्याचा आवाज येत असेल तर त्यावर पाऊल ठेवण्याआधी काठीने टोचून बघावं.

पहाटे कोकराच्या हाकेसारखा नाकातला आवाज आला तर तो जुजुराणा, हिमाचलचा राज्यपक्षी. या दिवसांत नर साद घालतात. ऐकू येणं हेच भाग्य. त्याला बघायला झाडीत घुसू नये, वाटही बिघडते आणि तोही गप्प होतो.

पाणी वरच्या झऱ्यांचं असलं तरी उकळूनच. २००० मीटरच्या वर उकळी फुटल्यानंतर तीन मिनिटं, कारण इथे पाणी कमी तापमानालाच उकळतं. दुपारी एकनंतर ढग दाटू लागले तर शिल्ट कितीही जवळ असलं तरी फिरायचं. उतरणीत गुडघे दुखतात ते वेगाने नव्हे, लांब पावलांनी. पावलं आखूड ठेवावीत आणि चालायची काठी दहा सेंटिमीटरने वाढवावी.

पाचवा दिवस: परत खाली

सकाळी लवकर निघालं तर दहाच्या सुमारास फाटकाबाहेर येता येतं, म्हणजे नेमकं कीड उठायच्या वेळेला. आज जोडणीतली निम्फ सोडून नुसती वरची फ्लाय बांधून बघावी. पाण्यावर पंख उभे धरून तरंगणाऱ्या मेफ्लाय दिसल्या आणि डोहाच्या शेपटीशी एकाच जागी वारंवार वलय उमटू लागलं, तर लगेच फेकू नये. त्या माशाचा ताल मोजावा. दर आठ-दहा सेकंदांनी वर येत असेल तर त्याच्या मीटरभर वर, वलयाच्या दोन सेकंद आधी फ्लाय पोचली पाहिजे. वलयावरच टाकलेली फ्लाय त्याच्या मागे पडते, कारण वलय उमटेपर्यंत पाण्याने ते खाली वाहून नेलेलं असतं. दिवसा वारा दरीतून वरच्या दिशेने वाहतो. वर फेकणाऱ्याच्या तो पाठीशी असतो, फक्त लाइन जास्त सुटते, म्हणून फेक थोडी आखडती घ्यावी. फ्लाय बुडू लागली की रुमालात दाबून कोरडी करायची, दोन खोट्या फेकी, म्हणजे पाण्याला न टेकवता हवेतल्या हवेत, मारायच्या. त्या माशाच्या डोक्यावर नव्हे, बाजूला.

दोननंतर पाणी पुन्हा दुधट होऊ लागतं. तेव्हा काठी आवरावी आणि गुशैणीला उरलेला वेळ सामानाला द्यावा. लाइन ओल्या फडक्याने पुसून रीलवर सैल गुंडाळायची, रील कोरडी करायची, फ्लायची डबी झाकण उघडं ठेवून रात्रभर वाऱ्यावर, नाहीतर आठवड्यात गळांना तांबेरा चढतो. बुटांच्या तळव्यातला चिखल आणि शेवाळ ब्रशने इथेच, याच नदीकाठी काढायचं आणि बूट पूर्ण वाळवायचे. नमद्याचे तळवे असतील तर ते वाळायला फार वेळ लागतो आणि एका नदीतलं शेवाळ दुसऱ्या नदीत जातं ते बहुधा त्यांच्यातूनच. पुढच्या नदीला जायचा बेत दोन दिवसांत असेल तर ते तळवे घरी ठेवूनच निघावं.